केवळरामभाऊंची पारख

केवळरामभाऊ गिटार हातात घेण्याआधी तिच्या पोटावरच्या भोकाला नाक लावून वास घ्यायचे. विकणारा समोर बसलेला असायचा, आत चुलीवर चहा ठेवलेला असायचा आणि हा माणूस डोळे मिटून त्याच्या वस्तूचा वास घेत राहायचा. मग नाक वर करून विचारायचा, "कुठी ठेवली होती हो? कोंबड्याच्या खुराड्यात?" ओळख ना पाळख, पहिलंच वाक्य हे! पहिल्या दिवशी मला तर तिथून पळून जावंसं वाटलं होतं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी ऊर्जानगरच्या शाळेत शिकवत होते आणि कॉलनीतल्या एका बाईंकडे गिटार शिकत होते. उभी धरून वाजवतात ती नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला स्टीलचा रॉड तारांवरून सरकवत वाजवायची, ती. बाईंची बदली झाली, त्यांच्याबरोबर गिटारही गेली. इकडे विहारात भीमजयंतीच्या गाण्यांना मी साथ करायची असं ठरून बसलेलं. नवी गिटार परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची म्हटलं की जो तो एकच सांगे, वडशाच्या केवळरामभाऊंना दाखवल्याशिवाय घेऊ नका. ते हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवत आणि उन्हाळाभर लोकांच्या वाद्यांना नावं ठेवत हिंडत.

चामोर्शीच्या पुढे बंगाली लोकांची वस्ती आहे. तिथे एक म्हातारे होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांची बायको वारली होती आणि तिची जुनी गिटार विकायची होती. मी भाऊंना घेऊन गेले. वास घेऊन झाल्यावर भाऊंनी एक डोळा मिटून दांडी न्याहाळली, बोटाच्या पेरानं पाठीवर टकटक केलं. मग खिशातलं एसटीचं तिकीट काढून, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली सरकवून पाहिलं. तिकीट आत गेलं तर घोडी सुटायला लागली असं समजायचं. ते गेलं नाही. शेवटी तारा सुरात लावल्या आणि गिटार बाजूला ठेवून चहा प्याले. चहा संपेपर्यंत सूर उतरला तर खुंट्या गेलेल्या. सूर तसूभर हलला नव्हता.

आणि मग भाऊंनी तोंड उघडलं. "दांडी पाहा, कशी मुरडली. आवाज तर असा का गाढव खोकलून राह्यलं."

"ये मेरा वाइफ का चीज है," डॉक्टर म्हणाले. "ससुरजी ने कलकत्ते से नया लिया था."

"मंग सासऱ्याले चांगलीच टोपी घातली दुकानदारानं," भाऊ म्हणाले. "बाई वाजवत होती का लोकायले रडवत होती?"

अहो, बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं! डॉक्टरांचा चेहरा पार पडला. ते उठले, गिटारीवरची धूळ स्वतःच्या धोतरानं पुसली आणि म्हणाले, "ले जाइये. जो ठीक लगे दे दीजिये." मी गिटार उचलली तेव्हा त्यांनी तारांवरून एकदा हात फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ बाहेर उभे राहून बिडी पेटवत होते.

बस सुटली आणि भाऊंचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "बाई, अशी गिटार मी जनमात पाह्यली नाई. लाकूड हाय का सोनं हाय!"

मी भडकले. "मग त्या म्हाताऱ्याला एवढं लागेल असं काऊन बोललात?"

"तारीफ केली का मालक चीज उराशी धरून बसते," ते शांतपणे म्हणाले. "जे घ्याचं त्याले शिव्या द्याच्या. हाच आपला धंदा."

"मी परत जाऊन खरं सांगते त्यांना."

"जा ना. सांगा त्याले, का तू सोनं देऊन बसला म्हणून. मंग जलमभर रडत राहीन तो. आता निदान म्हणत असन, का बाईच्या गळ्यात भंगार बांधलं."

डॉक्टर असं काही म्हणत नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाचा मला संताप आला. आजही, इतक्या वर्षांनी, ते 'लोकायले रडवत होती' आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण ती गिटार मी पंचवीस वर्षं वाजवली आणि भाऊंची पारख एकदाही खोटी ठरली नाही, हेही सांगायला हवं.

धंद्याची दुसरी बाजू मला ब्रह्मपुरीला कळली, विहारातल्या एका मुलीसाठी गिटार बघायला भाऊंना घेऊन गेले तेव्हा. एका तरुण शिंप्यानं मोठ्या हौसेनं गिटार मिळवली होती आणि आता लग्नासाठी ती काढायची होती. भाऊंनी वास घेतला, तिकीट सरकवलं, ते घोडीखाली सर्रकन आत गेलं. मी मनात म्हटलं, झालं, आता या पोराची धडगत नाही. तर भाऊ हसले, गिटार दोन्ही हातांनी त्याला परत दिली आणि म्हणाले, "छान हाय भाऊ. जपून ठेव." पोरगा हरखला. त्यानं आम्हाला आग्रहानं तर्री-पोहे खाऊ घातले, वेशीपर्यंत सोडायला आला.

वाटेत मी म्हटलं, "बघा, गोड बोलता येतं की तुम्हाला!"

"मेली हाय ते गिटार," भाऊ म्हणाले. "मढ्याले कोणी शिव्या देते का?"

त्यानंतर मी त्यांच्यासोबत बरीच हिंडले, आणि ज्याच्या वाद्याची ते तारीफ करत त्याच्याकडे मला बघवत नसे.

मग भाऊंना लकवा मारला. डावी बाजू गेली. रॉड धरायचा हातच गेला. दोन पावसाळे ते बाजेवर पडून होते. एके दिवशी त्यांचा निरोप आला, 'माझी गिटार पाहाले या. घेणारं कोणी असन तर पाहा. मी गेल्यावर बी ते वाजत राह्यली पाह्यजे.' या माणसानं स्वतःसाठी जन्मात काही मागितलं नव्हतं. त्यांच्या गिटारीला नावं काय ठेवायची, ते मी वडशाच्या गाडीतच जुळवून ठेवलं. चांगल्या झणझणीत शिव्या.

भाऊंच्या बायकोनं, पारबतावहिनींनी, बाजेखालून भलंमोठं गाठोडं ओढलं. झाडीत आंबे, अंडी, चिनी मातीची बरणी, जे जपायचं ते धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, ठेवायची रीत. वहिनींनी नवऱ्याची गिटार तणसात घातली होती, वरून लुगडं गुंडाळलं होतं. पावसाळ्यात त्यांचं घर ओलावतं. ओल्या तणसाला काय लागतं ते झाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण मायेपुढे त्या माउलीला ते सुचलं नाही.

मी नाक लावलं. आतून वारुळाचा वास आला. दांडीवर नख टेकवलं तर ते भिजल्या पावात शिरावं तसं शिरलं. उदईनं, वाळवीनं, आतून सगळी पोखरली होती. वरचा रंग तेवढा शाबूत होता.

"चांगली राह्यली ना बाई?" वहिनी पदरानं तणसाच्या काड्या झटकत होत्या. "एक दिवस उघडी नाई पडू दिली मी."

भाऊ बाजेवरून माझ्याकडे बघत होते. त्यांचं अर्धंच तोंड हलायचं. "बोला बाई," ते म्हणाले. "द्या शिव्या तिले."

काय करावं मी? शिव्या दिल्या तर ते सुखावणार, पण ही भोळी बाई उन्मळून पडणार; तिला या धंद्याची रीत ठाऊकच नव्हती. आणि शिव्या द्यायच्या त्या तरी कुणाला? माझं नख दांडीत रुतताना भाऊंनी पाहिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसे ते विकणारे त्यांच्याकडे बघायचे. तिकीट पर्समध्येच होतं. ते काढायचं धाडस मला झालं नाही.

मी गिटार दोन्ही हातांनी वहिनींना परत दिली.

"छान आहे भाऊ," मी म्हटलं. "जपून ठेवा."

वहिनींचा चेहरा उजळला. "आयकलं का जी? मी म्हणत नव्हती?"

भाऊंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "शिकली पोरी तू." एरवी ते मला बाई म्हणायचे. मी रडत होते, आणि माझं रडू त्यांच्या दुखण्यापायी आहे असं समजून वहिनी माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या.

भाऊ त्याच महिन्यात गेले. तेरवीला मी वडशाला गेले तेव्हा बाजेखाली गाठोडं तसंच होतं. वहिनी आलेल्या बायकांना सांगत होत्या, "यायची गिटार हाय. ऊर्जानगरच्या बाईनं सोता पाह्यली. छान हाय म्हणे, जपून ठेवा म्हणे." आणि हे सांगताना त्या गाठोड्यातलं जुनं तणस काढून नवं भरत होत्या.