कुमुदवहिनींचा रिव्हर्स

आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, नवी असताना तिच्यात धड चार भांडी मावत नाहीत, अशी घरोघरी तक्रार होती. किस्से मात्र त्याच कॅरॅव्हॅनमध्ये इतके मावले, की आजही जुनी मंडळी चहाला बसली की एक तरी बाहेर पडतोच. त्यातले निम्मेअधिक कुमुदवहिनींचे!

इंग्लंडात, लँकेशरमधल्या एका हॉस्पिटलात आम्ही तीन मराठी डॉक्टर. बापट सर्जन, कुलकर्णी फिजिशियन आणि मी भूल देणारा. कॅरॅव्हॅन तिघांत मिळून, आणि मे-अखेरच्या सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी आली की मुक्काम ठरलेला: विंडरमिअर, तळ्याकाठचं मिसेस डॉसन या शेतकरीण बाईंचं कुरण.

*

पहिल्याच वर्षी दोन तंबूंच्या मधे कॅरॅव्हॅन रिव्हर्समध्ये घालायची होती. स्टिअरिंगवर बापट. "एका झटक्यात घेतो!" म्हणाला. कुलकर्णी म्हणाला, "थांब, आधी नीट तपासू दे." मी आपला, "सावकाश, सावकाश..."

अर्ध्या तासाने कॅरॅव्हॅन दगडी कुंपणाला अशी चिकटली, की दार वीतभरापलीकडे उघडेना. तीन दिवस आम्ही आडवे होऊन आत-बाहेर करत होतो.

बापटच्या बायकोने, म्हणजे कुमुदवहिनींनी, कांदा चिरता चिरता एवढंच म्हटलं, "पेशंट एक आणि डॉक्टर तीन. वाचायचा कसा?"

*

आता वहिनींबद्दल. सांगलीला त्या सुईणीचं शिक्षण घेतलेल्या नर्स होत्या. पुढच्या वर्षी इथे त्यांना डिस्ट्रिक्ट मिडवाइफची जागा मिळत होती, पण खेडोपाडी जायचं तर गाडीचं लायसन्स हवं. "जूनपर्यंत जागा ठेवते, पुढे माझा इलाज नाही," असं तिथल्या मुख्य बाईंनी सांगितलेलं.

वहिनी तीनदा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी: कोपऱ्यावरून गाडी रिव्हर्समध्ये वळवताना! तिसऱ्या वेळी परीक्षक अदबीने म्हणाला, "मिसेस बापट, बरीच सुधारणा आहे. या वेळी आपण फूटपाथवर चढला नाहीत, नुसत्या धडकलात."

त्या घरी येऊन रडल्या आणि चौथ्या टेस्टचा अर्ज भरला. तारीख मिळाली बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारची.

*

त्या सुट्टीतल्या शनिवारी सकाळी, कुरणात मुक्काम असताना, मिसेस डॉसन धावत आल्या. मेंढी अडली होती, आणि व्हेट, म्हणजे गुरांचा डॉक्टर, दुसऱ्या गावी गेलेला. "तुमच्यात तीन डॉक्टर आहेत ना?"

आम्ही तिघे रुबाबात गेलो आणि फाटकाशीच थबकलो. "मी गायनॅकमध्ये सहा महिने काढलेत," बापट लांबूनच म्हणाला. वहिनींनी साडी खोचली, कोपरापर्यंत हात धुतले आणि चिखलात बसल्या. दहा मिनिटांत कोकरू बाहेर! मला खरंच भरून आलं. ऑपरेशन थिएटरमध्येही इतके शांत हात मी क्वचित पाहिले होते.

"काय देऊ तुला?" मिसेस डॉसननी विचारलं. त्यांच्या मनात अंडी असावीत.

ट्रॅक्टर आणि त्याच्यामागची लांबलचक ट्रॉली बाईंनी एका हाताने मागे नेलेली वहिनींनी सकाळीच पाहिली होती. "मला रिव्हर्स शिकवा," त्या म्हणाल्या.

*

शिकवणी मागच्या रिकाम्या कुरणात, आणि कॅरॅव्हॅन जोडून! मिसेस डॉसनची पहिली अट: "नवऱ्यांनी फाटकाबाहेर बसायचं."

"स्टिअरिंगला खालून धर. कॅरॅव्हॅनला जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. आणि घाई कुणाला आहे?" रविवारभर हेच. वहिनींनी तीन बादल्या उलथवल्या, जेवणही गाडीतच केलं.

संध्याकाळी कुलकर्णीने शंका काढली, "वहिनी, कॅरॅव्हॅन जोडली की स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. तीच सवय लागली तर मंगळवारी?"

वहिनींचा चेहरा पडला. "भावजी, खरंच घोटाळा होईल?" त्यांनी मला विचारलं.

"छे हो!" मी म्हटलं. पण भुलीचं इंजेक्शन टोचताना 'काही दुखणार नाही' म्हणतो, त्याच आवाजात.

*

सोमवारी सगळ्यांचीच परतायची गडबड. कुरणातून बाहेर पडणारी शेतातली खाजगी वाट, दोन्हीकडे दगडी भिंती. मध्यावर पोहोचलो तर समोरून दुधाचा लॉरीवाला! त्याला मागे जायला जागा नाही. आम्हालाच शंभरेक पावलं मागे जायचं होतं, कॅरॅव्हॅनसकट.

बापटने मागे पाहिलं, घाम पुसला आणि आयुष्यात प्रथमच सर्जन टेबलावरून बाजूला झाला. "अगं, तूच घे."

सगळी छावणी चहाचे मग घेऊन भिंतीपाशी जमली. वहिनींनी कुणाकडे पाहिलं नाही. गोगलगाईच्या चालीने कॅरॅव्हॅन मागे गेली, फाटकात वळली, आणि कुठे ओरखडा नाही! लॉरीवाल्याने टोपी काढली. आम्ही तिघे डॉक्टर शाळकरी पोरांसारख्या टाळ्या पिटत होतो.

*

मंगळवारी दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वहिनी आल्या. त्यांनी पासची चिठ्ठी टेबलावर ठेवली. बापट ती उलटसुलट करून वाचत बसला. त्याचे डोळे भरले होते, पण नाव चष्म्याचं.

"आणि रिव्हर्स?" कुलकर्णीने विचारलं. "तिथे काही गोंधळ?"

"थोडासा झाला," वहिनी लाजून म्हणाल्या. "कोपऱ्यावर परीक्षकाने 'आता रिव्हर्स घ्या' म्हटलं. मी मागे वळून पाहिलं, आणि तोंडातून निघूनच गेलं... 'एवढंच? मागे काही जोडायचं नाही?'"