इंजिनियरसाठी कोण रडतं?

प्रीता खानझोडेने कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या गाण्यांची, गायिका व्हायचं ठरवलं ते २००१ च्या नोव्हेंबरात, विमानं आदळून जुळे मनोरे पडल्यावर दोनच महिन्यांनी. नॉर्थ कॅरोलायनातल्या बारमध्ये गिटार घेऊन उभं राहायला सावळ्या मुलीसाठी याहून वाईट महिना शोधूनही सापडला नसता. पहिल्याच खेपेला पुढच्या टेबलावरच्या एका टोपीवाल्याने विचारलं, "मूळची कुठली तू?"

"कॅरी. हे इथून पुढचं गाव."

"नाही, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी रॉली. आईला तिथलं हॉस्पिटल बरं वाटलं."

यापुढचा प्रश्न टोपीवाल्यापाशी नव्हता. "बरं, मग गा," असं म्हणून तो बिअरकडे वळला, आणि प्रीता गायली. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तो नव्हता, पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा त्याच टेबलावर होता. प्रीताच्या हिशेबी हे कौतुकच होतं.

जन्म इथला, शाळा इथली, शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हर जो रेडिओ लावायचा तो कंट्रीचा. त्यामुळे हे गाणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. खुलासा करावा लागला तो मराठी लोकांपाशी. आई, म्हणजे रत्नाताई, तिथल्या महाराष्ट्र मंडळात "प्रीता म्युझिकमध्ये असते" असं सांगत. दुसऱ्या कुणाचा मुलगा फायनान्समध्ये असतो, त्याच चालीवर. मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलं की कु. प्रीता पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गाते. प्रीताने संपादकांना फोन करून चूक सांगितली. पुढच्या वर्षी त्यांनी ती दुरुस्त करून "परदेशी लोकसंगीत" असं छापलं. तिने दुसऱ्यांदा फोन केला नाही.

दिवसा ती एका औषधकंपनीत गोळ्यांच्या तपासणीचं काम करायची. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जुन्या कॅमरी गाडीत गिटार, स्पीकर आणि सीड्यांचं खोकं घालून निघायची. बार्बेक्यूची हॉटेलं, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रा, निवृत्त सैनिकांचे हॉल. एका जत्रेत तिच्या आधी डुकरांची शर्यत होती आणि तिच्या नंतर भोपळ्यांचं वजन. भोपळ्यांना गर्दी जास्त होती. तिने स्टेजवरून भोपळ्यांचे आभार मानले आणि ठरलेली सगळी गाणी म्हटली, एकही कमी नाही. सीडी तिने घरीच रेकॉर्ड केली होती, गॅरेजवरच्या जादा खोलीत. त्या खोलीत एकीकडे बाबांचा ट्रेडमिल होता आणि दुसरीकडे आईची चकलीची भाजणी.

त्या सीडीतलं एकच गाणं चाललं. नाव होतं "पाच पांढरे शर्ट".

गाणं तिच्या बाबांवर होतं. उल्हास खानझोडे नागपूरचे इंजिनियर. कॅरीजवळच्या रिसर्च ट्रँगल या उद्योगवसाहतीतल्या टेलिकॉमच्या एका मोठ्या कंपनीने २००१ मध्ये जी माणसं कमी केली, त्यांत तेही होते. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, डबा, बॅग, आणि गाडी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये. संध्याकाळी ट्रॅफिकबद्दल तक्रार करत घरी. आईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने काही न बोलता शर्टांना आणखी कडक इस्त्री सुरू केली. प्रीताला कळलं ते एकदा दुपारी लायब्ररीत पुस्तक परत करायला गेली तेव्हा. बाबा गाडीत बसून डबा खात होते. ती पुस्तक न देताच परतली.

पुढच्या वर्षी बाबांना रॉलीच्या एका कंपनीत काम मिळालं. "तिथे ग्रोथ नव्हती, म्हणून मीच सोडलं," असं त्यांनी मंडळात जाहीर केलं, आणि प्रकरण मिटलं. गाण्यात मात्र ते मिटलेलं नव्हतं. गाण्यात इंजिनियर होता, लायब्ररी होती, आणि इस्त्री करत गप्प राहणारी बायको होती. बाबांनी ती सीडी ऐकली, आणि घरात सगळ्यांना कळलं आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

एका छोट्या रेडिओ स्टेशनने ते उचललं आणि सकाळच्या कार्यक्रमात वारंवार लावलं. तरी बाबांची अब्रू शाबूत राहिली. कॅरीच्या मराठी माणसापासून गुपित ठेवायला कंट्रीच्या स्टेशनाइतकी सुरक्षित जागा नव्हती. ते कुणी लावतच नसे.

मग २००६ मध्ये कंट्रीवाल्यांची पंढरी असलेल्या नॅशव्हिलहून वेड टिलरीचा फोन आला. वेड गाण्यांचे हक्क घेऊन मोठ्या गायकांना ती पुरवायचा. प्रीता गाडी चालवत त्याच्या ऑफिसात गेली. तिथे आणखी दोन लेखक आधीच बसले होते. तिथली पद्धत अशी की गाण्यावर बैठक चालू असताना खोलीत जो असेल त्याचं नाव गाण्यावर लागतं, त्याने नुसतं सँडविच मागवलं असलं तरी.

वेड म्हणाला, "गाणं सोनं आहे. फक्त माणूस बदलू. ट्रक ड्रायव्हर कर. नाहीतर गिरणीतला कामगार."

"का?"

"इंजिनियरसाठी कोण रडतं?"

"मी रडले होते."

"तू त्याची मुलगी आहेस, डार्लिंग. तू रेडिओ नाहीस."

ज्या गायकाचं नाव त्याने घेतलं ते खरंच मोठं होतं. प्रीता म्हणाली, विचार करून सांगते. इथपर्यंत ती खरोखरच विचार करणार होती.

घरी आल्यावर तिने जेवताना सगळं सांगितलं. तिला वाटलं, बाबा चिडतील. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "मग दे ना! कर ट्रकवाला."

"बाबा, ते गाणं तुमच्यावर आहे."

"म्हणूनच म्हणतोय. तो मोठा माणूस गायला तर सगळीकडे वाजेल. ग्रोसरीत वाजेल. इंजिनियर ठेवलास तर मंडळातलं शेंबडं पोरही ओळखेल. ट्रकवाला केलास तर कुणाला काय कळणार? आपल्यात ट्रकवाला आहे कोण?"

"यू वॉन्ट मी टु लाय?"

"खोटं कसलं? गाणं आहे ते, ॲफिडेव्हिट नाही. करिअरही होईल तुझं, आणि माझंही झाकलं जाईल. दोघांचं भलं."

नॅशव्हिल आणि नागपूर यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावं, आणि ती गोष्ट हीच असावी, याची प्रीताला मोठी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी तिने वेडला फोन करून नाही म्हणून सांगितलं. वेडने कारण विचारलं. ती म्हणाली, "ट्रकवाल्यांची गाणी ट्रकवाल्यांनी लिहिली आहेत. माझ्या बापाचं हे एकच आहे."

वेडने पुन्हा फोन केला नाही. बाबांनी "तुझी मर्जी" एवढंच म्हटलं आणि तिच्या कार्यक्रमांना येणं बंद केलं. अर्थात ते पूर्वीही येत नसत, पण आता ठरवून येत नव्हते. प्रीता जत्रेत गायची तर सुरुवात त्याच गाण्याने करायची, आणि आधी माइकवर सांगायची, "यातला माणूस इंजिनियर आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी लिंबूसरबताच्या रांगेत उभं राहावं." काही जण जायचे. ती पुढे गायची.

२००८ च्या ऑक्टोबरात मोरेश्वरकाकांनी आपल्या घरी तिची बैठक ठेवली. मोरेश्वरकाका बाबांचे कॅरीतले सगळ्यांत जुने मित्र, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. अमेरिकन लोक दिवाणखान्यात गायक बोलावतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि म्हणाले, हे तर आपलंच आहे. बोलावलं तर बाबांना जाणं भाग होतं. न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

गाडीत बाबा म्हणाले, "ते गाणं नको."

"मी स्वतःहून नाही म्हणणार. पण बैठक आहे. कुणी फर्माईश केली तर म्हणणार."

"इथे कोण करतंय?" बाबा अगदी निश्चिंत होते.

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"अहो, रस्त्याकडे बघा," आई मागून म्हणाली.

मोरेश्वरकाकांकडे गालिच्यावर चादरी घातल्या होत्या, मधे लोड. बूट दाराशी काढून प्रीता मोज्यांवर बसली. मंडळी सज्जन होती. पहिल्या गाण्यात भलत्या जागी "वा!" आली, दुसऱ्यात कुणीतरी ताल धरला आणि तो सोडेचना. मध्यंतरात बटाटेवडे झाले. मग प्रीताने रीतीप्रमाणे विचारलं, "काही फर्माईश?"

कुणाला काही माहीत असण्याचा संभव नव्हता. एका काकूंनी "काहीही गोड म्हण" असं सुचवलं. तेवढ्यात मोरेश्वरकाका म्हणाले, "ते शर्टांचं म्हण."

बाबांच्या हातातली वाटी हातातच राहिली.

"कुठे ऐकलंस तू?" त्यांनी विचारलं.

"रेडिओवर. सकाळी लागतं."

"सकाळी? सकाळी तू ऑफिसात असतोस."

मोरेश्वरकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. घर त्यांचं, पाहुणे त्यांचे. उठून जायला जागा नव्हती. "नसतो," ते म्हणाले. "सप्टेंबरपासून नसतो. गाडीत बसतो. सगळी स्टेशनं फिरवून झाली, तेव्हा हे सापडलं."

काकांची बायको चादरीची सुरकुती सरळ करू लागली. प्रीताने बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परवानगी मागितल्यासारखं झालं असतं. तिने तारा एकदा तपासल्या आणि सुरू केलं. इंजिनियर इंजिनियरच होता. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात तो लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो, आणि ओळखीचं कुणी दिसलं की वर्तमानपत्र उघडतो.

"मोरू," बाबा मधेच म्हणाले, चांगले मोठ्याने, "पुढच्या पार्किंगमध्ये लावू नकोस. मागे लाव. सावली असते, आणि आपल्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही. मी सगळं वर्ष तिथेच काढलं."

प्रीताचा हात तारांवर थांबला. सगळे माना वळवून बाबांकडे बघत होते. फक्त आई बघत नव्हती. ती मोरेश्वरकाकांच्या बायकोशेजारी सरकून बसली होती.

"बाबा," प्रीता म्हणाली, "गाणं चालू आहे."

"मग चालू ठेव ना," बाबा म्हणाले. "तुला थांबवलंय कुणी?"