पुढे स्वस्त मिळेल

चार्जिंगचे दर जागेगणिक का बदलतात, हे मी माझ्या भाचीला तिच्या लग्नाच्या दिवशी, तिचं लग्न लागायच्या आधी, सविस्तर समजावून सांगितलं आहे.

पूर्वाला थेरगावहून चाकणपलीकडच्या कार्यालयात न्यायचं आणि मामा म्हणून मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. (इलेक्ट्रिक गाडी नात्यात माझ्याच घरी! कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो.) पण सोसायटीच्या चार्जरला रात्रभर चेअरमनची गाडी चिकटलेली, त्यामुळे आमची जवळपास उपाशीच निघाली.

मोशीत पहिला चार्जर दिसला.

"दर सोसायटीच्या दुप्पट! सोडा!" मी म्हणालो.

"अहो, लावा. मुहूर्त चुकेल," बायको मागून म्हणाली.

"पुढे स्वस्त मिळेल."

पुढे हायवेवरच्या हॉटेलात तिप्पट होता!

"मामा, वीज तीच ना? मग दर वेगळा कसा?" पूर्वाने शालू सावरत विचारलं.

झालं! सोसायटीत घरगुती दर, इथे धंद्याचा. त्यात फास्ट मशीन महाग, जागेचं भाडं, ॲपवाल्याचा वाटा... चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून मी बोलत राहिलो. कारणं सगळी पटत होती, फक्त खिशात हात जात नव्हता.

तेवढ्यात ॲपवर, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला, जवळपास घरचाच दर झळकला. मी विजयी मुद्रेने वळलो.

"ह्यो दर कंपनीच्या लोकांसाठी हाय," वॉचमन म्हणाला. "भायेरच्यांना न्हाई."

"बघ पूर्वा, म्हणून स्वस्त!" मी म्हणालो आणि गाडी ऐन गेटात बंद पडली. समोरून पहिल्या शिफ्टच्या कामगारांना घेऊन निघालेली बस कर्कश हॉर्न देऊ लागली.

कामगारांनी उतरून गाडी ढकलली. नवरी पाहून, कार्यालय कुठलं ते विचारून बसचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, चला बसा. कार्यालय आमच्याच वाटंवर हाय."

पूर्वा चढली. बायकोही चढली.

"आणि मी?"

"गाडीपाशी कोण थांबणार?" बायकोने खिडकीतून विचारलं.

गाडी टेम्पोमागे टोचन लावून ओढत मी पोहोचलो, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. वाईट वाटलं. पण कार्यालयाच्या आवारातच चार्जर दिसला, तोही वऱ्हाडासाठी फुकट! मी घाईने वायर काढली.

रखवालदार धावत आला. "ओ, कोण तुमी?"

"नवरीचा मामा!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय राव! मामा आत फेटा बांधून जेवायला बसल्यात. त्यांची बस ती काय, समोरच उभी हाय."