दिवे आपोआप विझू लागले

नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टरमध्ये दिवा चालू राहिला की मार बसायचा. वडील ड्यूटीवरून आले की चपला न काढताच सगळ्या खोल्या फिरायचे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, की खुंटीवरची इस्त्रीची जुनी वायर काढायचे. "वीज फुकट येते का?" एवढंच विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता सुरू व्हायचे. एकदा आई मध्ये पडली. तिच्या कानाखाली अशी बसली की तो कान कायमचा गेला.

पुढे माझं लग्न झालं, शहरात फ्लॅट झाला. वडील थकले तेव्हा दोघांना मी माझ्याकडे आणलं. वय झालंय, आता निवळले असतील असं वाटलं होतं.

एके सकाळी माझी मुलगी अंघोळ करून आली आणि गीझर बंद करायला विसरली. मी स्वयंपाकघरात होते, तिथे मला चपराकीचा आवाज ऐकू आला. धावत गेले तर तिचा ओठ फुटलेला, हनुवटीवर रक्त. मी वडिलांना दोन्ही हातांनी ढकललं. ते भिंतीवर आदळून खाली बसले. त्यांना उठवायला मी हात दिला नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याने इलेक्ट्रिशियन आणला. खोल्यांत सेन्सर बसले, गीझरला टायमर लागला. खोलीत हालचाल नसली की दिवा-पंखा आपोआप बंद.

"म्हणजे कोणी विसरलं तरी चालेल?" वडिलांनी विचारलं.

"चालेल," मी म्हणाले.

बिल उतरलं. वडील मात्र खोल्या फिरतच राहिले. सगळीकडे बंद. दारात उभे राहून मुठी आवळायचे, पण चिडायचं कोणावर?

मग एका दुपारी ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. इतके स्थिर, की सेन्सरला खोली रिकामी वाटली आणि पंखा थांबला. त्यांनी काठी उचलली आणि भिंतीवरचा सेन्सर फोडला. प्लॅस्टिकचे तुकडे उडाले तरी हात थांबेना. शोकेसची काच खळकन फुटली. मुलगी माझ्यामागे लपली.

आई त्या काचांमधून चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि काठी हातातून काढून घेतली.

"त्याला तरी मारू नका," ती म्हणाली. "तो तुमच्याच मनासारखं वागतोय."

वडील खुर्चीत बसले. आईच्या टाचेतून रक्त येत होतं. त्यांनी ते पाहिलं.

नवा सेन्सर बसवताना इलेक्ट्रिशियनने पंखा बंद होण्याआधीची वेळ वाढवून दिली. आता वडील वाचता वाचता मधूनच पाय हलवतात. आणि परवा आई शेजारणीकडे निघाली, खोलीतला पंखा तसाच फिरत ठेवून. जिना उतरताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.