दहापैकी किती दम लागला?

हार्ट अटॅक किंवा बायपास झालेल्या माणसाला पुन्हा चालायला, जिना चढायला शिकवणं हे माझं काम. झाशीत फिजिओथेरपिस्ट म्हणून वीसेक वर्षं झाली. पेशंट बरे होऊन निघून जातात, त्यांचे किस्से मात्र माझ्याकडेच राहतात.

*

तांबेकाका रेल्वेत ड्रायव्हर होते. आमच्याकडे सुरुवातीला सहा मिनिटांची टेस्ट असते. कॉरिडॉरमध्ये जमेल तितकं चालायचं, अंतर मी मोजते. काका छान निघाले आणि मध्येच उभे राहिले. मी धावले. छातीत दुखतंय का, चक्कर येतेय का, सगळं विचारलं. काहीच नव्हतं. त्यांनी एक्स-रे खोलीच्या दारावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"लाल आहे."

टेस्ट दुसऱ्या दिवशी घेतली. दुसऱ्या कॉरिडॉरमध्ये.

*

खंडेराव गेटचे सप्रे सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. व्यायामाची सायकल चालवताना मी पेशंटना विचारते, दहापैकी किती दम लागला? त्यावरून जोर वाढवायचा की थांबवायचं ते ठरतं. सर म्हणायचे, पाच. मी जोर वाढवायची. सर घामाघूम, ओठ पांढरे, तरी साडेपाच! शेवटी नाडी बघून मीच सायकल थांबवली आणि खरं का सांगत नाही म्हणून रागावले.

सर धापा टाकत म्हणाले, "सहाच्या वर मी जन्मात कुणाला मार्क दिलेले नाहीत."

तेव्हापासून त्यांच्या आकड्यात मी मनातल्या मनात तीन मिळवत आले.

*

लक्ष्मी गेटजवळच्या मिठाईवाल्या गुप्ताजींना मी सांगितलं होतं, बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. त्यांनी विचारलं, एकटा कुणाशी बोलू? मग ते शेजाऱ्याला घेऊन फिरायला लागले. त्या शेजाऱ्याशी त्यांचं एका भिंतीवरून कित्येक वर्षांचं भांडण होतं. मी काळजीनं चौकशी केली.

"झगड़ते बखत साँस न फूले, तो समझो चाल ठीक है, बेटा."

*

पुजाऱ्यांच्या घरातल्या एका आजींना रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या होत्या. आधी रोज अकराच घाला म्हटलं. पंधरा दिवसांनी आल्या. अकरा नेमानं झाल्या म्हणाल्या, उरलेल्या सूनबाईकडून घालून घेतल्या.

सूनबाईचं वजन छान उतरलं होतं.

*

कुंटेकाकांना अटॅक आला तेव्हापासून काकू त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपत. साधी पिशवी उचलू देत नसत. दोघं गुरसरायहून बसनं यायचे. काका आत व्यायाम करायचे, काकू बाहेर बाकावर बसायच्या. काकांना मी स्वतःची नाडी मोजायला शिकवलं होतं.

एक दिवस लिफ्ट बंद होती आणि माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. काकू म्हणत होत्या, परत जाऊ. मी काकांना फोनवर सांगितलं, आता तुम्हाला जमेल, सावकाश चढा. काका वर पोचले, अगदी गप्पा मारण्याइतके ठीक. मागे वळून पाहिलं तर काकू नव्हत्या. त्या दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या होत्या, घामानं डबडबलेल्या, हात जबड्याला लावून.

मी पोचेपर्यंत काकांनी त्यांचं मनगट धरून, घड्याळात बघत नाडी मोजली होती.

"ठोके चुकताहेत," ते मला म्हणाले. आवाज शांत होता. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

त्याच दुपारी काकूंना स्टेंट घातला.

महिन्या-दीड महिन्यानं काकू माझ्या सायकलवर होत्या आणि काका बाहेर बाकावर. मी काकूंची फाइल भरत होते. छातीत पहिल्यांदा कधी दुखलं, असं विचारलं. काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"यांच्या अटॅकच्या दोन महिने आधी. पण ते लिहू नकोस. हे फाइल वाचतात."