सुभेदाराचा सूड

"हुकूम एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा दिला की ती विनंती, तिसऱ्यांदा दिला की भीक."

हे सांगताना बाईंचा उजवा हात कमरेवर असे आणि नजर अशी, की कुत्र्याआधी माणूसच खाली बसावा. ही थट्टा नाही. थाटीपुरच्या मैदानात, ओल्या गवतावर, मी खरंच बसलो होतो. आमची पिंकी उभीच होती.

बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत छोटं घर घेऊन राहिल्या आणि लोकांच्या कुत्र्यांना वळण लावू लागल्या. आमचं शहर हिंदी मुलखातलं; मराठी घरांत त्या बाई, बाकीच्यांत मॅडम. आपले पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर आले, हे त्या अशा सांगत, की घोडा अजून दारात बांधलेला असावा.

पिंकी माझ्या मुलीची. पांढरी, झुबकेदार आणि कुणाचं न ऐकणारी. "बाबा, ये बिल्कुल नहीं मानती, काहीतरी करा ना," असं मुलीनं रोज म्हटल्यावर मी बाईंकडे गेलो. पहिल्या सकाळी पिंकीनं पट्टा ओढला आणि बाई म्हणाल्या, "अं-हं!" मी पिंकीकडे पाहिलं.

"तिला नाही, तुम्हाला. पट्टा एवढा ताणून धरलाय, ती ओढेल नाही तर काय करेल? सैल सोडा."

चूक दाखवायला बाईंना एवढं "अं-हं" पुरे. त्यांनी कुत्र्यावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. आणि शाब्बासकी मात्र लगेच, त्याच क्षणी, एका फुटाण्याबरोबर. "शाब्बासकी शिळी झाली की कुत्र्याला ती कशाची ते कळत नाही," असं त्या म्हणत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे काहीच विसरत नाही. बाई तशा होत्या. एका भाजीवाल्यानं कधीकाळी पिशवीच्या तळाशी सडके टोमॅटो घातले होते. तेव्हापासून दुसरीकडून आणलेली भाजी त्या त्याच्या गाडीसमोर पिशवीतून वर काढून दाखवत आणि पुढे जात. तो बिचारा दुसऱ्या चौकात गेला, तर बाईही वाट वाकडी करून तिकडून जाऊ लागल्या.

त्यांच्या कुत्र्याचं नाव सुभेदार. जात गावठी, रंग मातीचा, एक कान मोडलेला. पाटणकर बाजारातून त्याच्यासाठी चांगला कातडी पट्टा आणला होता, पण तो नुसता शोभेचा. सुभेदार पट्ट्याशिवायच बाईंच्या डाव्या पायाशी चाले. बाईंनी हलकेच "थांब" म्हटलं की जागच्या जागी बसे, आणि "चल" हा शब्द कानी पडेपर्यंत समोरून मांजर गेलं तरी उठत नसे. आम्ही आमच्या पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवायला नेत असू.

एका सकाळी दुकानासमोर सुभेदाराला "थांब" म्हणून बाई दूध घ्यायला आत गेल्या. कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातले ठेकेदार आपली उंच पांढरी गाडी घेऊन आले. त्यांनी हॉर्न दिला. सुभेदारानं गाडीकडे पाहिलं, दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि बसून राहिला. ठेकेदारांनी पुन्हा हॉर्न दिला. मग गाडी पुढे घेतली.

दुधाची पिशवी हातात धरून बाई बाहेर आल्या, तेव्हा ठेकेदार काच खाली करून म्हणत होते, "हॉर्न दिया था मैडम. हटा ही नहीं. अब कुत्ता ही तो था, इससे बढ़िया ला दूँगा."

बाईंनी दुधाची पिशवी खाली ठेवली. सुभेदाराला उचलून घरी आणलं. मी आणि माझी बायको गेलो. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली खड्डा खणला. माती लोटताना बाई म्हणाल्या, "तो हलला नाही हो. शाब्बास म्हणायचं राहिलं."

वर्ष गेलं असेल. ठेकेदारांच्या घरी मोठा जर्मन शेफर्ड आला, सुलतान. ठेकेदारांना बोलणं म्हणजे ओरडणं, एवढंच ठाऊक होतं. ते ओरडत, सुलतान भुंके, घरातले खोल्या बंद करून बसत. शेवटी त्यांची बायको बाईंच्या दारात आली. पाठोपाठ ठेकेदारही. "पुरानी बात छोड़िए मैडम. इसको आदमी बना दीजिए."

"बना देंगे," बाई म्हणाल्या.

माझी बायको त्या संध्याकाळी म्हणाली, "बाईंचं मन मोठं आहे." मीही मान डोलावली.

पुढे काही दिवसांनी बाईंनी मला हाक मारली. सुलतान अंगणात होता. "भाऊ, जरा ओरडा."

"कुणावर?"

"त्याच्यावर. जोरात. हिंदीत."

मी सरकारी कचेरीत फायलींवरही हळू शेरा मारणारा माणूस. तरी ओरडलो, "सुलतान! बैठ!" सुलतान उठला आणि बाईंकडे गेला. "शाब्बास," बाई म्हणाल्या आणि फुटाणा दिला. आठवडाभर मी रोज सकाळी ओरडत होतो. माझा घसा बसला, सुलतान पक्का झाला. कुणी ओरडलं की शांत माणसाजवळ जाऊन बसायचं. मला वाटलं, काय छान सवय लावली! ठेकेदारांच्या बायकोलाही बाईंनी हळू आवाजातले मराठी हुकूम शिकवले, आणि सुलतान तिचं ऐकू लागला. "थांबवायचा आणि उठवायचा हुकूम तेवढा शेवटी शिकवीन," असं बाई तिला म्हणाल्या होत्या.

हिवाळ्यात ठेकेदारांच्या मुलाची सगाई होती. लॉनवर दुपारचं जेवण, कोवळं ऊन, मुलीकडची मंडळी, अधिकारी, एक-दोन नेते. आम्हालाही बोलावणं होतं. बाई मागच्या रांगेत इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. ठेकेदारांना सुलतान दाखवायचा होता. सगळे ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, "सुलतान! बैठ!"

सुलतान खुर्च्यांमधून वाट काढत थेट बाईंच्या गुडघ्याशी जाऊन बसला.

"सुलतान! इधर आ!" तो तसूभर हलला नाही. एक नेते हसले, "ठेकेदार साहब, ये तो मैडम का निकला!" लॉनभर हशा पिकला.

"मैडम, ये सुन क्यों नहीं रहा?"

"हिंदी नहीं जानता," बाई म्हणाल्या. "और चिल्लाने से नहीं सुनता. पास आकर, धीरे से 'थांब' बोलिए. एक ही बार."

ठेकेदार आले, वाकले आणि कसंबसं म्हणाले, "थांब." सुलतान दगडासारखा स्थिर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदारही हसू लागले. तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या.

"इसी एक शब्द पर मेरा कुत्ता दुकान के सामने बैठा था. इन्होंने हॉर्न बजाया. वो उठा नहीं, तो इन्होंने उस पर गाड़ी चला दी. आज आप सब देख लीजिए, कुत्ता उठता क्यों नहीं."

मुलीच्या आईनं हातातली ताटली खाली ठेवली.  बाई शांतपणे फाटकाबाहेर पडल्या. याच दिवसासाठी बाईंनी मला आठवडाभर ओरडायला लावलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

सुलतान तसाच बसून होता. त्याला हळूच "चल" म्हणूनच उठवायचं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाहुणे ताटं घेऊन त्याला वळसा घालत होते. पुरी पायाशी पडली तरी त्यानं तोंड लावलं नाही.

दिवस मावळताना ठेकेदारांची बायको बाईंच्या दाराशी धावत आली. "मैडम, चलिए! सब चले गए. ये पाइप से मार रहे हैं, और वो उठ ही नहीं रहा!"

बाई अनवाणी पळाल्या. मी मागे. आयुष्यभर आवाज न चढवलेल्या बाई फाटकातूनच किंचाळल्या, "चल! चल रे राजा, चल!" सुलताननं उठायचा प्रयत्न केला. मागचा एक पाय उठला नाही. तो फरफटत बाईंपर्यंत आला. ठेकेदारांच्या हातात पाइप होता. बाई त्यांच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. पाइप खाली गेला.

सुलतान परत गेला नाही. कुणी मागायलाही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांच्या बायकोनं त्याचं जेवणाचं भांडं तेवढं आणून दिलं. मोरारच्या डॉक्टरांनी प्लास्टर केलं, पण पाय वाकडाच राहिला.

मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. गल्लीतल्या पोरांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण ठेकेदारांची गाडी दिसली की पानाच्या टपरीवर कुणीतरी हळूच म्हणे, "थांब." ठेकेदारांनी येण्याजाण्याचा रस्ता बदलला. पोरं तिकडेही पोचली. बाई ते ऐकून पोटभर हसत.

एकदा मी विचारलं, "बाई, आता सोडून द्यावं ना?"

"का म्हणून? सूड घेतल्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. पुन्हा घेईन." मग सुलतानच्या वाकड्या पायाला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "पण निघताना त्याला 'चल' म्हणायला हवं होतं. माझ्या रागात तोच राहून गेला."

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाचा कुत्रा शिकवायला घेतला नाही.

मागच्या थंडीत गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून भाची त्यांना इंदूरला न्यायला आली. आता त्यांच्या घरात कोचिंग क्लास आहे. निघायच्या सकाळी धुकं होतं. टॅक्सी दारात उभी, सामान चढलेलं. सुलतान उघड्या दाराशी उभा होता; त्याला वर चढता येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, बोलिए इसको, देर हो रही है." बाईंनी हुकूम दिला नाही. पदर खोचला, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या, दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले आणि त्याच्या मानेला गाल टेकवून, तो तयार होईपर्यंत तशाच थांबल्या.