भाऊ म्हणून खेळले ती वर्षं

आमच्या ग्रुपात मला सगळे ‘भाऊ’ म्हणत. मी चाळिशीला टेकलेली बाई आहे, साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते, हे त्या वीस-बावीस जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

फसवायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. खेळाचा नाद सांगलीजवळ माधवनगरला लहानपणीच लागला. थोरल्या भावाला टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. तो पडद्यावर मेला की रिमोट माझ्याकडे यायचा, म्हणून तो लवकर मरावा याची मी वाट बघायचे. पुढे सांगलीत विश्रामबागला कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर गेम खेळायची एक जागा निघाली. तिथं दोनदा गेले. दोन्ही वेळेला पोरं खेळ सोडून खुर्च्या वळवून माझ्याकडे बघत बसली. तिसऱ्यांदा गेले नाही. मग लग्न होऊन साताऱ्याला आले, पोरगी झाली, नोकरी लागली आणि हातात मोबाइल आला. मोबाइलवर तोंड कुणाला दिसत नाही, हे मला फार आवडलं.

आमचा खेळ चौघांच्या टोळीचा. शंभर जण मैदानात उतरतात, शेवटी एक टोळी जिवंत राहते. मी माइक बंद ठेवून नुसतं लिहायचे: ‘आलो’, ‘थांबा, मी वरनं जातो’. सांगलीच्या बाजूला बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात, माझी आई जन्मभर तसंच बोलली. त्यामुळे ते लिहिताना मला काही वावगं वाटलं नाही. पण एका डावानंतर कुणीतरी ‘भाऊ, लय भारी’ लिहिलं आणि मी गप्प बसले, तिथं ते खोटं झालं. बोला म्हणाले की मी लिहायचे, ‘माइक खराब आहे.’ सहा वर्षं माझा माइक खराब होता.

आमचा म्होरक्या विश्रामबागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला आम्ही कॅप्टन म्हणतो. दुसरा एक फौजी, सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षारक्षक झालेला. तिसरी मी. चौथी जागा बदलती असायची. संध्याकाळी कुकर लावला, की भात होऊन वाफ जिरेपर्यंत माझा एक डाव होई. फौजी म्हणायचा, “भाऊ मागं हाय ना, मग मला मागं बघायची गरज न्हाई.” हे वाक्य ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच हसायचे. ऑफिसात मला असं कुणी म्हणत नव्हतं.

मग ती आली. पहिल्याच दिवशी तिनं माइक चालू केला आणि म्हणाली, “मी मुलगी हाय, सांगलीची. कुणाला अडचण असंल तर आत्ताच सांगा, म्हंजे माझा टाइम वाया जायला नको.”

मग कॅप्टन हसला. “अडचण कसली? खेळता येतंय नव्हं?”

“शिकंन की.”

तिला खेळता येत नव्हतं. नेम वाईट, पळताना पायाचा आवाज करायची, बंदूक भरायला विसरायची. तरी महिन्याभरात चौथी जागा तिची झाली. ती बडबड करायची, फौजीची चेष्टा करायची, मेली तरी खदखदून हसायची. पोरं तिच्या वेळेवर येऊ लागली. ज्या एका वाक्यासाठी मी सहा वर्षं तोंड शिवून बसले होते, ते ती आल्या आल्या बोलून मोकळी झाली होती, आणि तिचं काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. तिच्याकडे कुणी खुर्च्या वळवून बघितलं नाही.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, “मोबाइलकडं असं काय बघतीस? सवत आल्यासारखी?”

मी म्हणाले, “गप जेवा.”

पण ते तसंच होतं.

एका डावात ती गोळी लागून खाली पडली. पडलेल्याला जवळ जाऊन उचलता येतं, थोडा वेळ लागतो. मी भिंतीपलीकडेच होते. “भाऊ, उचला की! भाऊ, हितंच हाय मी!” ती ओरडत होती. मी हलले नाही. ती संपली. मी लिहिलं, ‘नेट अडकलं.’ ती म्हणाली, “असू द्या, व्हतं कवा कवा.” तिच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग आला.

त्यापुढचं सांगायला जड जातं. मी कॅप्टनला वेगळा मेसेज केला: ‘पोरी आल्या की ग्रुपचं वाटोळं होतं. विचार करा.’ हे मी लिहिलं. एका बाईनं, कणीक मळलेल्या हातानं. कॅप्टनचं उत्तर आलं, ‘भाऊ, तुमच्याकडनं असलं वाटलं नव्हतं.’

दिवाळीनंतर विश्रामबागेत एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली. सगळ्यांनी समोरासमोर बसून खेळायचं. ग्रुपवर कॅप्टननं लिहिलं, ‘भाऊंना जमलं नाही तरी चालेल, आता ती चांगली तयार झालीय, आणखी एक पोरगा घेऊ.’

‘तरी चालेल’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मग लिहिलं, ‘येतो.’

लोकांना हे सांगितलं, की म्हणतात, केवढं धाडस. धाडस वगैरे काही नव्हतं. त्या पोरीच्या भरवशावर माझ्यावाचून टोळी उभी राहायला निघाली होती, ते मला सहन झालं नाही, एवढंच. रविवारी सकाळी साताऱ्याहून सांगलीची एसटी धरली. कराड येईपर्यंत दोनदा उतरावंसं वाटलं.

हॉलच्या दारात तिघं उभी होती. फौजी मिश्यांवरून ओळखू आला. ती माझ्या अंदाजापेक्षा बुटकी होती, चष्मा, खांद्याला कॉलेजची बॅग. मी जवळ गेले आणि म्हणाले, “मी भाऊ.”

फौजी माझ्या मागं बघायला लागला. त्याला वाटलं, भाऊ पाठोपाठ येतोय.

“मीच,” मी म्हणाले. “माइक चांगला आहे माझा. पहिल्यापासनं.”

फौजीनं सवयीनं ताठ उभं राहून नमस्कार केला. “आवं ताई, मी तुमच्यापुढं काय काय शिव्या घातल्यात!”

कॅप्टन मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात माझा मेसेज होता, हे मला कळलं आणि मला कळल्याचं त्यालाही कळलं. तो एवढंच म्हणाला, “चला, आत नाव सांगायचंय.”

ती आधी तोंडावर हात ठेवून उभी होती. मग हळूच म्हणाली, “मग ते नेटचंबी खोटंच व्हय? त्या दिवशी मला उचललं का न्हाई?”

“नेट अडकलं होतं,” असं मी पुन्हा म्हणू शकले असते. म्हणाले, “उचलावंसं वाटलं नाही. तुझा हेवा वाटत होता.”

तिनं चष्मा पुसला. “माझा? मला धड नेम लागत न्हाई, आणि माझा?” तिला ते खरंच समजलं नाही. मी समजावून सांगितलंही नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो. शेवटी ती आणि मी उरलो होतो, आणि मी आधी मेले. पोरं टाळ्या वाजवत होती त्या तिच्यासाठी होत्या.

त्यानंतर ती दर रविवारी दुपारी मला फोन लावायची. “ताई, हातबाँब भिंतीवरनं कसा टाकायचा?” मी शिकवलं. कुठं दबा धरायचा, पावलांच्या आवाजावरनं माणूस किती लांब आहे ते कसं ओळखायचं, सगळं. पश्चात्ताप म्हणून शिकवलं, की ती माझ्या हाताखालची आहे असं वाटावं म्हणून, ते मी स्वतःला विचारलं नाही.

आता ती पुण्यात असते. तिचा खेळ हजारो लोक थेट बघतात. परवा मी बघत असताना कुणीतरी तिला विचारलं, ‘एवढं कुणाकडून शिकलीस?’ ती म्हणाली, “कुणाकडनं न्हाई. खेळून खेळून येतं.” मी भाजी चिरता चिरता थांबले. माझ्या पोरीनं विचारलं, “आई, काय झालं?” मी म्हणाले, काही नाही.

ती कधीमधी डावाला बोलावते आणि मी जाते. माइकवर मोकळी बोलते, हसते, तिचं कौतुकही करते. मनात मात्र एकच असतं, की तिच्यापेक्षा एक तरी गडी जास्त मारायचा. कधी जमतं. बऱ्याचदा जमत नाही.